त्या दोघींचा फिक्का मसाला

मंडळी, आज दुपारी मसाला कुटायला डंकावर गेले आणि जळफळत घरी आले. कुणावर? माझ्या वारलेल्या दोन मैत्रिणींवर. हसू नका.

शैला, कुसुम आणि मी ऐंशीच्या दशकात लग्न होऊन दिघ्याच्या एकाच चाळीत आलो. दर उन्हाळ्यात तिघींच्या मिरच्या एकाच चादरीवर वाळायच्या. मसाला एकत्र कुटायचा आणि तीन बरण्यांत वाटून घ्यायचा. पुढे एकीपाठोपाठ एक, दोघींना कॅन्सर झाला. "आता आमाला तिखट चालत नाय, तुझा तू कर," म्हणाल्या. मी ऐकलं.

आज डंकवाली सहज बोलली, "मावशी, तुमी येऊन गेलात की त्या दोघी यायच्या. नुसत्या काश्मिरी मिरचीचा फिक्का मसाला न्यायच्या. तोंड आलेलं असायचं ना त्यांचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिघींचा मसाला, आणि शेवटी दोघींचा? दुखणं एकत्र, औषधांच्या गप्पा एकत्र, आता मसालापण?

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याच नको म्हणाल्या. बोलल्या, तिला कळलं तर तीपण फिक्कंच खात बसेल."

बसलेच असते! त्यांना काय त्रास होता?

माझ्या तिखट मिरच्या तशाच परत आणल्या. शेजारच्या दुकानातून काश्मिरी घेऊन तोच मसाला कुटला. घरात सगळे नाकं मुरडतायत. मुरडू देत. मी वर्षभर हाच खाणार.

खरं सांगा, गेलेल्या माणसांवर असं जळणारी मी एकटीच आहे का?