बाटलीवरचं ‘लिकर’

कुणी प्रयोगशाळेत आलं की सर खिशातलं चुंबक काढून नारंगी खड्यांच्या बाटलीला लावायचे. खडे हलायचे नाहीत. “बघा, काहीच होत नाही,” म्हणायचे आणि खूश व्हायचे. असल्या माणसाला तुमी काय म्हणाल?

मी त्या कॉलेजात शिपाई, चौथी शिकलेला. सरांनी मला कैकदा समजावलं. खड्यात एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला टर्बियम नावाचा दुर्मिळ धातू, मधी सायनाइडचा पूल. लय गार केलं की पुलावरून दोघांची बोलणी होतात अन् खड्याचं चुंबक होतं.

“सायनाइड म्हंजे इख की हो, सर.”

“ते लोखंडाला धरून बसलंय, मामा. तुम्हाला नाही धरणार.”

“अन् गार म्हंजे किती? जानेवारीत गच्चीवर ठिवू का?”

“परभणीची थंडी त्याला उन्हाळा. हवेचं पाणी होतं ना, त्याच्याही खाली.”

तितकं गार करून चुंबक मोजायचं मशीन आमच्याकडं कुठलं? इथं लाइट गेली की फ्रिजलाच घाम सुटतो. सरांनी लांबच्या शहरातल्या संस्थेत अर्ज केला. वर्षभर थांबून नंबर लागला. सरांच्या रिटायरमेंटला दोन महिने उरले होते. सोमवारी खडे पाठवायचे होते.

त्या शनिवारी मी दवाखान्यातून सरळ कामावर आलो. बायको तिथं पडून, डॉक्टर नीट बोलंनात. डोकं फिरलेलं. कपाट पुसताना बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी दिसली. इंग्रजीतला एकच शब्द मला वाचता येतो, बस स्टँडजवळच्या दारूच्या दुकानावर आहे तो. लिकर. वाटलं, कुण्या हरामखोरानं सरांच्या खड्यांत दारू ओतली. मी सगळी मोरीत ओतली, खडे फडक्यानं पुसले अन् खिडकीत उन्हाला ठेवले.

दुपारपर्यंत खडे तडकले. नुसता भुगा.

सरांनी येऊन भुगा कागदावर गोळा केला. “मामा, ते मदर लिकर. ज्या पाण्यात खडा जन्मतो ते, आईचं पाणी. त्यातून काढायचं नसतं.”

“शिव्या द्या, सर.”

“वहिनी कशा आहेत?”

मला त्याचाच राग आला. अजून येतो. चुकणाऱ्याला एक कानाखाली तरी द्यावी माणसानं. हे आपले नव्या खड्यांसाठी काचेची नळी मांडायला बसले. खडे वाढायला महिना गेला, तोवर नंबर हुकला. बायको गेली तेव्हा सर माझ्या दारात दोन तास बसून होते. मी साधा चहा विचारला नाही.

रिटायर होऊन जाताना सरांनी नवे खडे पाण्यासकट त्यांच्या जागी आलेल्या मॅडमच्या हवाली केले. संस्थेनं पुन्हा बोलावलं, मॅडमनं पाठवले. उत्तर यायच्या आधी गावाकडं, बोरीला, सरांच्या छातीत कळ आली अन् गेले.

परवा पाकीट आलं, सरांच्याच नावानं. मॅडमनं फोडलं. आत एका कागदावर एक रेघ. सुरुवातीला उंच, मग घसरून आडवी पडलेली.

“ही तर पडली की, मॅडम.”

“उलटी वाचा, मामा. थंडी डावीकडं आहे, अन् रेघ जितकी उंच तितकं चुंबक जोरात.”

मी उजव्या कडेला बोट ठेवलं अन् हळूहळू थंडीकडं नेलं. रेघ चढत गेली.