खिंडीतला दगड

नेरे गावाच्या वर, डोंगरात एक अरुंद खिंड आहे. आमच्या आदिवासी वाडीतले बापजादे हाकारे घालून रानडुकरं त्या खिंडीत कोंडायचे आणि मारायचे. खिंडीच्या तोंडाशी एक दगड. शिकारीचं पहिलं रक्त त्याला. घरातलं माणूस गेलं, की पुढच्या शिकारीचं काळीज त्याच्यापुढे ठेवायचं. तोवर गेलेल्याला पूर्वजांत जागा मिळत नाही, असं आम्ही मानतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रक्ताचं जाड, काळं कवच त्या दगडावर चढलं होतं.

नव्वदनंतर पनवेलच्या आसपासचे डोंगर खडीसाठी फुटायला लागले. क्रशर खिंडीजवळ आला तेव्हा माझा बाप घाबरला, आणि शहरात जाऊन जुन्या जागा जपणाऱ्या एका मंडळाच्या पाया पडला. तिथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मंडळी शिकलेली, हौशी. त्यांनी खटपट करून क्रशर हटवला, हे खरं. मग खिंडीला तारेचं कुंपण घातलं, फाटक लावलं, आणि उद्घाटनाआधी दगड ॲसिड टाकून तारेच्या ब्रशाने घासून काढला.

"फार घाण बसली होती हो," अध्यक्ष बापाला कौतुकाने म्हणाले. वर त्याला धनुष्य देऊन दगडाशेजारी फोटोला उभं केलं. तो उभा राहिला. त्या फोटोची मला अजून चीड येते.

राखणीला माझ्या सख्ख्या काकालाच ठेवलं. खाकी शर्ट अंगात गेला नि त्याची मान ताठ झाली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

त्याच वर्षी आई गेली. बापाने फासे लावून ससा धरला, काळीज पळसाच्या पानात घेतलं. मी सोबत होते. काका फाटकात आडवा उभा राहिला.

"आत नाय जायाचं. सायबांनी सांगितलंय, घाण करायची नाय."

"तुजी वैनी हाय रं ती. तिच्या हातचं खाऊन वाढलास."

"माजी नोकरी जाईल."

बापाने पान तारेबाहेरच ठेवलं आणि हात जोडले. आम्ही वळतो न वळतो तोच मागे खराट्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, म्हणून काकाने पान काळजासकट लोटून उतारावर फेकलं. खाली कुत्री होतीच.

बाप रडला नाही. तारेपलीकडच्या त्या लख्ख दगडाकडे बघत म्हणाला, "क्रशरला फोडू द्याया पायजे होता. येखादा तुकडा तरी घरात ठेवला आसता, तिच्यापुरता."