दिवा लागला की पळायचं

निवृत्त ग्रंथपाल बाईला लोक एकतर निबंध तपासायला बोलावतात, नाहीतर नोंदी ठेवायला. लोणावळ्यात आमच्या शेजारी एक क्रीडाशिक्षिका राहतात. मावळातल्या कर्णबधिर मुलींच्या कबड्डी संघाला त्या शिकवतात. त्यांचे आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा त्यांना मराठीच्या आधी आली. दोन वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या, "मॅडम, राज्याच्या शिबिरासाठी निवड चाचणी आहे, तिथे नोंदी घ्यायला कुणीतरी हवंय. नुसतं बसायचंय." नुसतं बसणं मला चांगलं जमतं, म्हणून मी गेले.

चाचणी अशी की मैदानात वीस मीटरवर दोन रेषा आखायच्या. यंत्रातून बीप वाजली की एका रेषेवरून निघायचं आणि पुढची बीप वाजायच्या आत दुसरी गाठायची. दर मिनिटाला एक पातळी चढते आणि बीपा जवळजवळ येत जातात. एकदा उशीर झाला की वॉर्निंग, दुसऱ्यांदा झाला की बाहेर. कर्णबधिरांचा दमसास बीप वाजवून मोजायची कल्पना ज्या समितीची, तिच्यात एकही कर्णबधिर नव्हता हे वेगळं सांगायला नको. समितीला अडचण कळली होती, असंही नाही म्हणता येणार. त्यांनी उपाय म्हणून एक हिरवा झेंडा आणला होता. बीप ऐकली की कुणीतरी तो हलवायचा. ते कुणीतरी उगवलंच नाही, म्हणून झेंडा माझ्या हातात आला.

संघाची कर्णधार तिकोणा पेठेची. तळेगावजवळ एका कारखान्यात पॅकिंगला होती, घोरावाडीला खोली करून राहायची. चढाईला गेली की समोरचा संघ आपोआप अर्धं पाऊल मागे सरकायचा. तोंडानं 'कबड्डी' म्हणायचं ते आमच्या मैदानावर ओठ हलताना दिसले तरी पंच समाधान मानत. तर ही मुलगी आदल्या वर्षी चाचणीत नापास झाली होती, आणि त्या दिवशी माझ्या झेंड्यावर पुन्हा झाली. तिला मिळालेली पहिली वॉर्निंग समितीच्या माणसानं नियमाप्रमाणे दिली, म्हणजे ओरडून. बाद झाल्याचंही ओरडूनच सांगितलं. ती बिचारी बाद झाल्यावरही पळतच होती. चार फेऱ्यांनी कुणीतरी जाऊन तिचा दंड धरला. तिनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी 'अपात्र' असं वळणदार अक्षरात लिहिलं. लागोपाठ तिसऱ्यांदा नापास झाली तर शिबिराच्या यादीतून नाव कायमचं जाणार होतं.

आठवड्यानं ती शिक्षिका बाईंना घेऊन माझ्या घरी आली. मोबाइलवर चाचणीचं चित्रण होतं, कुणी मैत्रिणीनं काढलेलं. बीप वाजते, मग क्षणभर काहीच नाही, मग माझा झेंडा. पुन्हा बीप, पुन्हा तेच. ती झेंड्यावर बरोबर पोचत होती आणि बीपेला चुकत होती. तिनं हात हलवून काहीतरी सांगितलं.

बाई जरा अवघडल्या. "ती म्हणतेय, तुम्ही वाईट नाही. तुम्ही फक्त उशिरा आहात."

"वयामुळे का, विचारा."

विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान डोलावली.

त्यानंतर मी रविवारी सरावाला जाऊ लागले. प्रायश्चित्त वगैरे शब्द मला आवडत नाहीत. मला उत्सुकता होती, एवढंच. सराव बेगडेवाडी स्टेशनापलीकडच्या मोकळ्या मैदानावर चाले. त्यांनी मला खुणेचं नाव दिलं: चष्मा वर ढकलायचा आणि ओठांवर बोट ठेवायचं. पस्तीस वर्षं मी लोकांना गप्प बसवलं ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि त्या नावावर त्या मनापासून हसत.

त्यांच्या साखळीसारखी साखळी मी कुठे पाहिली नाही. बचावाला उभ्या राहिल्या की हातात हात. ऐकू येणाऱ्या मुली 'धर, धर' असं ओरडतात आणि ते चढाई करणारीलाही ऐकू जातं. या नुसता पंजा दाबतात. एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर घे. समोरचीला कळायच्या आत ती जमिनीवर असते. एकीचा मात्र तोल जायचा, कानाच्या आतल्या दोषामुळे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कर्णधारानं तिला महिनाभर भातखाचरांच्या बांधांवरून चालवलं, मग पळवलं. पहिल्या आठवड्यात ती जितक्यांदा चिखलात पडली तितक्यांदा कर्णधारही मुद्दाम पडली. स्वतः कर्णधार गावी असली की सकाळी तिकोणा गडाच्या पायऱ्या चढून-उतरून येई आणि मग भाकरी खाई. दम तिच्याकडे होताच. तो मोजणारे आम्ही कच्चे होतो.

उपाय सापडला कामशेतच्या एका मांडववाल्याकडे. लग्नात गाण्याच्या तालावर उघडझाप करणारे मोठे दिवे त्याच्याकडे होते. बाईंनी त्याला सगळं समजावलं.

"सोपं हाय," तो म्हणाला. "मशीनमधनंच वायर काढतो. बीप वाजंल तवाच दोनी टोकाला दिवा लागंल. मधी माणूसच नको." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तुमच्यावर राग न्हाई हां."

समितीच्या अध्यक्षांना हे पटेना. "नियमात दिवा नाही," ते म्हणाले.

"नियमात दिवा लावू नये असंही नाही," मी म्हटलं. "मी वाचलेत."

"सगळे?"

"परिशिष्टासकट."

नियम कुणी खरोखर वाचेल ही शक्यता त्यांनी धरली नव्हती. दिव्यांना परवानगी मिळाली, वॉर्निंगला पिवळं कार्डही मिळालं. फक्त पाहुणे यायचे असल्यानं वेळ वाचवण्यासाठी आमच्या सात जणी आणि एका कॉलेजच्या ऐकू येणाऱ्या मुली एकत्रच पळतील, असं ठरलं. पाहुण्यांचं नेमकं काय काम होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या वर्षीची चाचणी सुरू झाली. सातवी पातळी गाठली की पात्र. पाचवीपर्यंत सगळ्या झकास पळाल्या. कर्णधाराच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, दिवा आणि रेषा, रेषा आणि दिवा. आणि सहावीच्या सुरुवातीला फाटकातून ढोल-ताशा आत आला. मागून पाहुणे, हार, अध्यक्ष, सगळं जत्रेसारखं. इतका दणदणाट की यंत्राशेजारी बसून मलाच बीप ऐकू येईना.

कॉलेजच्या मुली गडबडल्या. दोघी रेषेवरच थांबल्या, एक अर्ध्यातून परत फिरली, दिव्यांकडे बघायची सवय नसल्यानं सगळ्या यंत्राकडेच बघायला लागल्या. आमच्या सात जणींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवा लागत होता, त्या पळत होत्या. कॉलेजच्या एका उंच मुलीला ते आधी उमगलं. ती मैत्रिणींवर ओरडली, "अगं, यंत्र सोडा! यांच्या मागे पळा!" ढोल वाजत असेपर्यंत ऐकू येणाऱ्या मुली ऐकू न येणाऱ्यांच्या पाठीकडे बघून पळाल्या, आणि वेळेत पोचल्या.

सातवी पातळी लागली. सातही जणी पात्र. मी सात वेळा 'पात्र' लिहिलं, वळणदार अक्षरातच.

एकेक जण गळत गेली. बांधावर पडणारी आठवीत थांबली, न पडता. उंच मुलगी नववीत बसली. मैदानात कर्णधार एकटी उरली. ढोल थांबला होता. अध्यक्षांच्या हातात तिच्या सत्काराची शाल होती आणि पाहुण्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं.

"झाली ना पात्र? थांबवा तिला," अध्यक्ष म्हणाले.

"हाक मारून बघा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष मांडववाल्याकडे वळले. "ए, दिवे बंद कर."

मांडववाला खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "ताई थांबत न्हाई तवर न्हाई बंद करनार, साहेब."

शेवटी अध्यक्ष शाल उघडून स्वतःच रेषेवर जाऊन उभे राहिले. समोरून ती येत होती. त्यांना वाटलं, आता थांबेल. तिनं त्यांच्या बुटाशेजारी रेषेवर पाय टेकवला आणि ती वळली. शालीला वारा लागला तेवढाच. सहाजणी हात वर करून पंजे फिरवायला लागल्या. त्यांच्यात टाळी अशी असते. कॉलेजच्या मुलींनी पाहिलं आणि त्यांचेही हात वर गेले. सगळं मैदान हात हलवत होतं आणि कुठे जराही आवाज नव्हता. पाहुण्यांना काय करावं कळेना, तेव्हा त्यांनीही हात वर केले.

ती आणखी पाच फेऱ्या पळाली. मग दोनदा पिवळं कार्ड दिसल्यावर आपणहून थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. श्वास लागला होता. मान वर करून तिनं मला विचारलं, किती? मी बोटांनी सांगितलं. दिवसभरात तेवढं कुणीच पळालं नव्हतं, ऐकू येणाऱ्यांतलंही. तिनं तो आकडा स्वतःच्या बोटांवर एकदा मोजून घेतला, खात्री केली, आणि मग शाल घ्यायला गेली.