आईकडून येतं

एक वाक्य मी बोलले नसते, तर आमच्या घराचं पुढचं सगळं वेगळं झालं असतं. वाक्य चुकीचं होतं हे तर आहेच, पण ते मी ज्या ऐटीत बोलले ती ऐट मला आजही टोचते.

नव्याण्णव सालचे गणपती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला जेमतेम वर्ष झालं होतं. ताईच्या सासरी, तोंडवलीला, आम्ही पडवीत बसून मोदकांसाठी नारळ खवत होतो. ताईचं सासर म्हणजे आमच्या आत्याचंच घर. आमच्याकडे मामाची मुलगी ही हक्काची. आत्याने आपल्या भावाची मुलगी मागितली आणि बाबांनी नारळ देऊन टाकला, एवढंच त्या लग्नाचं बोलणं. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते. ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी ते गेले.

ताईचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि बसत नव्हता. मान धरायची, मग सुटायची. हसायचा मात्र छान. दूध पिता पिता दमून डोळे मिटायचा. डॉक्टरांनी त्या महिन्यात पहिल्यांदाच सांगितलं होतं, की त्याच्या स्नायूंना शक्ती पोचत नाही आणि दोष मायटोकॉन्ड्रियात असावा. भावोजींनी तो शब्द कागदावर लिहून आणला होता. आत्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"ह्या इला खंयसून गो? आमच्या घराण्यात तर कोणाक नाय."

तिला प्रश्न पडला होता आणि मला उत्तर येत होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई कशी बोलते ते मी दाखवलं. गावचं बोलणं बाजूला ठेवून पुस्तकी मराठीत सांगितलं, "आत्या, पेशीतल्या त्या भट्ट्या आहेत, शक्ती तयार करणाऱ्या. त्या आईकडून येतात. फक्त आईकडून. बापाचा त्यात काही वाटा नसतो."

ताई नारळ खवत होती. तिचा हात थांबला. आत्याने मोदकांचं ताट ताईच्या पुढून उचलून स्वतःच्या पुढे ठेवलं.

ताईला ते तिच्या आईकडून आलं असणार, हे गणित मांडायला कोणाला पुस्तक लागलं नाही. आई विजयदुर्गाची. लग्न होऊन मालवणात आली, बाजारात मासळी विकून तिने आम्हाला वाढवलं. आठवड्याच्या आत तिच्या माहेरच्यांची चौकशी सुरू झाली. कोणाचा कुठला मुलगा उशिरा चालला, कोणाची मावशी वेडसर होती. शोधायला बसलं की कुठल्याही घरात काहीतरी सापडतंच.

मुंबईच्या इस्पितळात मुलाच्या मांडीतला स्नायूचा तुकडा काढला. ताईचं आणि भावोजींचं रक्त घेतलं. मी आमच्या सरांना गळ घातली आणि त्यातला थोडा भाग आमच्या शीतपेटीत आला. नळीवर मी भाच्याचं नाव लिहिलं नाही, आकडा लिहिला. नियम तसा होता. त्याबद्दल मला बरंही वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

दोन हजार सालच्या मे महिन्यात मुलगा गेला. आजाराने असं काही वेगळं केलं नाही, साधा ताप आला आणि त्याच्याजवळ तापाशी झुंजायला काही शिल्लक नव्हतं. तेराव्यानंतर ताई आमच्याकडे आली ती परत गेली नाही. गेली नाही म्हणजे न्यायला कोणी आलं नाही. वर्षभराने पंचांसमोर काडीमोड झाला. भावोजी खाली मान घालून बसले होते. ते वाईट नव्हते, फक्त आईपुढे त्यांना तोंड नव्हतं.

मग आत्याने दुसरी सून आणली. कुठून आणली ते महत्त्वाचं. तिने आमच्या काकांची मुलगी मागितली. म्हणजे पुन्हा मामाचीच मुलगी. सगळीकडे सांगताना ती म्हणायची, रक्त आपलंच, पण आई वेगळी. माझ्या त्या वाक्यावर घर बांधावं तसं तिने ते लग्न बांधलं होतं. पायाचा दगड मीच दिलेला.

त्या काळात आईने एक गोष्ट सोडली. बाजारात बायका तान्ही मुलं घेऊन येत, गिऱ्हाईक करता करता कोणाच्या तरी हातात देत. आई ती घेईनाशी झाली. शेजारच्या बारशाला तिला पाळण्याशी बोलावलं, तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली. "माका नको गो. माझो हात नको तेका." मला राग आला. कोणावर, ते कळायला उशीर लागला.

प्रयोगशाळेत आमचं काम दारांचं होतं. त्या भट्टीला दोन पटलं असतात आणि पटलांत प्रथिनांची बारीक दारं. त्यांतून इंधन आत जातं, तयार झालेली शक्ती बाहेर येते. दार उघडलं नाही तर भट्टी धडधाकट असूनही पेशी उपाशी. उघडंच राहिलं तर भट्टी फुगून फुटते. थंड खोलीत उंदराच्या यकृतातून ती प्रथिनं काढायची, सुईच्या टोकाएवढ्या भोकावर पातळ पडदा ताणून त्यात बसवायची आणि कागदावर रेघ बघत बसायचं. दार उघडलं की रेघ एक पायरी चढते, मिटलं की उतरते. चार वर्षं मी त्या पायऱ्या मोजल्या.

दोन हजार तीनमध्ये एका वरिष्ठ सहकाऱ्याने शीतपेटीतले जुने नमुने तपासायला काढले. मी आकडा लिहिलेल्या, भाच्याच्या नळीत एक दार जवळजवळ नव्हतंच. सर खूश झाले. बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी मला सहज विचारलं, "या प्रथिनाची कृती कुठे लिहिलेली असते?"

"केंद्रकात," मी म्हणाले.

"म्हणजे कोणाकडून येते?"

भट्टी आईकडून येते हे खरंच. भट्टीची स्वतःची थोडी कृती तिच्याजवळ असते, तीही आईचीच. पण ही दारं तिथे लिहिलेली नाहीत. ती केंद्रकात, आणि तिथे एक पान आईचं, एक बापाचं. दोन्ही पानं खराब निघाली तरच मूल आजारी. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

ताईच्या रक्तात एक पान खराब निघालं. भावोजींच्या रक्तातही एकच, आणि चूक अगदी तीच, त्याच अक्षराची. मग मी मालवणला जाऊन आईचं रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात घालून एसटीने पुण्याला आणलं. आईची दोन्ही पानं स्वच्छ होती.

आता उरलं काय? ताईचं बाबांकडून आलं होतं. भावोजींचं आत्याकडून. बहीणभाऊ दोघं एकच चूक घेऊन जन्मले आणि आपली मुलं एकमेकांना देऊन त्यांनी ती जुळवून आणली. बिचाऱ्यांना काय ठाऊक. ज्या बाईने माझ्या आईला बोल लावला, दोष त्याच बाईच्या अंगात होता. आणि काकाही त्यांचेच भाऊ, म्हणजे दुसऱ्या सुनेतही तीच चूक असू शकत होती.

मी मिळेल ती गाडी पकडून तोंडवलीला गेले. वरातीमागून घोडं. चुलत बहिणीला सातवा महिना लागला होता. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, मला बघून हसली. मी आत्याला पडवीत बसवलं आणि या वेळी पुस्तकी न बोलता सगळं सांगितलं. पानं, बाबा, ती स्वतः. शेवटी म्हणाले, "आत्या, तेव्हा माका कळाक नाय होता. चूक माझी."

आत्या ओरडली नाही. सुपातले तांदूळ निवडत राहिली.

"त्या येळाक आवशीकडसून म्हणालंस. आता बापाशीकडसून म्हणतंस. उद्या काय सांगशीत?"

मी म्हटलं, तुझं रक्त दे, दाखवते. तिने सूप खाली ठेवलं. "भैणीचा घर मोडला म्हणान ह्याव मोडूक इलंस?"

चहा न देता तिने मला घालवलं. आमच्या आत्याच्या घरून मी पहिल्यांदाच चहाशिवाय निघाले.

मुलगा झाला. मी पुण्यात दिवस मोजत होते. मान धरली, पालथा पडला, बसला. वर्षाचा व्हायच्या आत तो चालायला लागला, ते ताईनेच फोनवर सांगितलं, आनंदाने. आणि मला वाईट वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. एक धडधाकट पोर चालू लागलं आणि मी खट्टू झाले, कारण ते आजारी निघालं असतं तर माझी आई सुटली असती. काकांकडे ती चूक नसेल, असली तरी मुलीपर्यंत आली नसेल, आली तरी चार मुलांत एखाद्यालाच धरणारी ती. कारणं मला तोंडपाठ होती. गावाला एवढी कारणं नको होती. आत्या बाजारात सांगायची, "हातच्या कांकणाक आरसो कित्याक व्हयो?"

आईला मी तिच्या रक्ताच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला होता. तुझं रक्त स्वच्छ आहे, तुझ्याकडून काहीच गेलं नाही, असं तीनतीनदा सांगितलं. तिने मासळीच्या पाटीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "पयला सांगलंस तां गावान आयकला. आता सांगतंस तां माकाच सांगतंस."

त्यानंतरही तिने कोणाचं मूल उचललं नाही.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत आई गेली. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दहाव्याला चुलतभावाने खाडीकाठी पिंड ठेवले. पुरुष पुढे, आम्ही बायका जरा मागे माडांखाली. कावळे होते, चांगले सातआठ. वरच्या झावळ्यांवर बसून बघत होते, उतरत नव्हते. पाऊण तास झाला. वडीलधारे म्हणाले, काही मागे राहिलंय, बोला कोणीतरी. काकांनी ताईला सांभाळायचं वचन दिलं. कावळा हलला नाही. ताई म्हणाली, घराची काळजी करू नकोस. नाही.

मग मी पुढे झाले. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण इतकी माणसं गप्प उभी राहून ऐकतायत अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी मोठ्याने म्हणाले, "आये, तुझो कायच दोष नाय होतो. चुकीचा मी सांगलंय. तुझ्याकडसून कायच इला नाय."

कावळे बसून राहिले.

आत्या नातवाचा हात धरून आली होती. पाच वर्षांचा, काटक. तिने त्याचा हात सोडला, पदर सावरून पिंडांसमोर गेली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "वयनी, झाला तां झाला. तुझ्याकडसून इला, पण तुका काय म्हायत होता? आमी माफ केला. जा आता."

एक कावळा खाली आला. दोन उड्या मारून त्याने पिंडात चोच घातली.

सगळ्यांनी हुश्श केलं. बायका डोळे पुसत म्हणाल्या, बघ, सुटली बिचारी. कोणीतरी आत्याच्या पाठीवरून हात फिरवला. कावळ्याला भूक लागली होती, पुढची माणसं जरा मागे सरली होती, एवढंच झालं होतं. मी दहा वर्षं प्रयोग केलेली बाई, मला हे कळतं. मी ताईकडे बघितलं. ती वाकून रिकामी पानं गोळा करत होती.