कॅन्टीनमधली हवा

टोळीत त्याला सगळे इंजिन म्हणायचे. वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरून जो कोळसा खाली सांडतो, तो फावड्याने परत वर टाकायचा, हे त्याचं काम. एकतीस वर्षं. मी त्या टोळीचा मुकादम. एका पाळीत बारा टन उचलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आज त्याला अंघोळीची बादली उचलवत नाही.

छातीच्या आजारावरचे उपचार कंपनीने करावेत म्हणून त्याने अर्ज केला. उत्तर आलं: धुळीच्या नोंदी स्वच्छ आहेत, आजार कामामुळे झालेला नाही.

स्वच्छ असणारच. धूळ मोजायची डबी प्रत्येकाच्या कॉलरला लावायला दिलेली असे. आकडा चढला की पट्टा बंद, आणि पट्टा बंद असेल तितकी मजुरी कापली जाई. म्हणून पाळी सुरू होताच सगळ्या डब्या कॅन्टीनच्या भिंतीवर टांगायच्या. युक्ती माझीच.

फेरसुनावणीला त्याची बायको आणि मी सोबत गेलो. जिन्यात तो तीनदा थांबला.

"मुकादम, इंजिनाला वाफ कमी पडतेय."

"अहो, तोंड मिटा, तेवढीच वाचेल," वहिनी म्हणाली.

आत सुनावणी घेणारा कंपनीचा साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होता, "सौर वीज परवडत नाही हो, कोळशाचीच स्वस्त." माझं डोकं फिरलं.

"स्वस्त कोणाला, साहेब? ह्याची छाती धरलीत का त्यात? राखेच्या तळ्यापाशी नासलेल्या विहिरी धरल्यात? माझी मुलगी सौर पॅनल बसवते. छपरावर भाजून निघते, हात सोलतात. पण घरी येऊन काळं थुंकत नाही."

"मुद्द्याचं बोला. नोंदी स्वच्छ आहेत. त्या खोट्या आहेत म्हणता?"

"खोट्या. माझ्या हुकुमाने."

"मग कारवाई तुमच्यावर होईल. पेन्शन थांबेल."

इंजिनाने माझी बाही ओढली. "मुकादम, गप बसा. माझं काय उरलंय?"

"लिहून घ्या," मी साहेबाला म्हणालो. "आणि पाळीचे इंजिनिअर तेव्हा तुम्हीच होतात. त्याच भिंतीला टेकून चहा प्यायचात. तेही लिहा."

त्याने पेन खाली ठेवलं. मग कागद ओढून मीच लिहिलं. टोळीतल्या एकोणीस जणांची नावं घातली. त्यातले सात गेलेत.

चार महिने झाले. अर्ज विचाराधीन आहे. माझी पेन्शन मात्र आठ दिवसांत थांबली. म्हणजे हात हलतात त्यांचे, हवं तिथे.

इंजिन मला भेटला की दम लागेपर्यंत शिव्या घालतो. दोन शिव्यांतच लागतो.