घे म्हणेपर्यंत

माझी वहिनी रोज शंभर किलो लोखंड जमिनीवरून उचलायची आणि घरी येऊन माझ्या भावाचा मार खायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मीसुद्धा कित्येक वर्षं मनात म्हणायचे, अगं बाई, एक ठेवून दे ना त्याच्या कानाखाली. एकदा तिला विचारलंही. ती म्हणाली, "माझ्या हाताचं वजन मला ठाऊक आहे. मी मारलं तर तो उठायचा नाही, आणि आत मी जाईन." एवढं बोलून ती फुटलेल्या ओठाला बर्फ लावत बसली.

ती बायकांना वजनं उचलायला शिकवते. टायरच्या दुकानाखाली तळघरात व्यायामशाळा आहे. सात पायऱ्या उतरून जायचं, आत भिंतभर आरसा आणि रबराचा वास. बाया तिला क्रेन म्हणतात आणि तिला ते आवडतं. माझं कपडे आल्टर करायचं दुकान मागच्याच गल्लीत. वहिनीच्या दंडात कुठलीही तयार बाही बसत नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक शर्ट आधी माझ्या मशीनखालून जातो.

तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. स्तन काढला, औषधं झाली, केस गेले, परत आले. मग डॉक्टरीणबाईंनी छातीच्या स्नायूखाली इम्प्लांट बसवलं. सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. छातीचा व्यायाम तीन महिने विसरायचा. क्रेनला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर बस म्हणण्यासारखं, पण तिने ऐकलं. शिस्तीची पक्की. मी तिला पुढून उघडणारा मऊ शर्ट शिवून दिला, आतून दोन खिसे लावले. जखमेतून नळ्या निघतात ना, त्यांच्या बाटल्या त्या खिशांत राहायच्या.

दादा तिला घरी न्यायला आला नाही. ती घरी पोचल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "कुणासाठी बसवून घेतलंस?"

"माझ्यासाठी," वहिनी म्हणाली. "एक बाजू कापून नेली होती. ती मी परत आणली."

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिथेच मारलं. तिचं करायला मी त्यांच्याकडे राहिले होते, तेव्हा स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा त्याने तिचे नुकते वाढलेले केस मुठीत धरले होते आणि दुसऱ्या मुठीने छातीवर, नेमकं डाव्या बाजूला, एकामागून एक ठोसे घालत होता. वहिनीने दोन्ही कोपरं पुढे घेतली होती, पण हात वर जात नव्हते. मी शिवलेल्या शर्टाचा खिसा रक्ताने भरला. अर्ध्या तासात ती बाजू फुगून काळीनिळी झाली.

दवाखान्यात विचारलं, काय झालं? मी म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. वहिनी स्ट्रेचरवर होती, शुद्धीत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. आपलेच दात, आपलेच ओठ, असं मी स्वतःला समजावलं. लाज वाटली का? वाटली. पण तोंड उघडण्याइतकी नाही वाटली, हेही खरं.

पुन्हा फाडलं, साठलेलं रक्त काढलं, इम्प्लांट बदललं. या वेळी डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता आणखी एक मार बसला तर तिथली कातडी टिकायची नाही. मग परत काही बसवता येणार नाही. बाथरूम जपून वापरा." मी मान खाली घालून गोळ्यांची चिठ्ठी घेतली.

वहिनी परत दादाकडे गेली नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये तिची खाट टाकली. सहा आठवडे पहिल्यापासून सुरू झाले. ती भिंतीला तोंड करून उभी राहायची आणि बोटांनी भिंत चढायची. आज इथपर्यंत, उद्या दोन बोटं वर. भिंतीवर माझ्या खडूने खुणा करायची. शंभर किलोची बाई भिंतीवर बोटं चालवताना घामाने निथळायची. मग खुर्चीवरून उठबस, मग चालणं. चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार दिला. आधी भिंतीवर दंड, मग बाकावर झोपून नुसता लोखंडी बार. नुसता बारच वीस किलोचा. पहिल्यांदा तो छातीवरून वर गेला तेव्हा ती रडली आणि मग मला म्हणाली, "बघतेस काय, मोज की."

मोजायला आणि डोक्याशी उभं राहायला तिला माणूस हवं होतं. ती जागा तिने मला दिली. त्यांच्यात एक नियम असतो. बाकावरच्या माणसाच्या डोक्याशी उभं राहायचं, हात बारच्या खाली तयार ठेवायचे, पण झोपलेलं माणूस 'घे' म्हणेपर्यंत बारला बोटही लावायचं नाही. लावलं तर ते वजन तिचं राहत नाही. मी एकदा घाबरून आधीच हात लावला तर तिने मला अशी झापली की दिवसभर माझी सुई चुकत होती.

त्या दुपारी बारवर दोन्हीकडे दहा-दहा किलोच्या चकत्या होत्या. एकूण चाळीस. पूर्वी ती सत्तर मारायची, पण आम्हाला चाळीसही डोंगर होता. व्यायामशाळेच्या मालकीणबाई वर टायरवाल्याशी हुज्जत घालत होत्या, तळघरात आम्ही दोघीच. चौथ्या वेळी बार खाली आला तेव्हा दादा पायऱ्या उतरला. वहिनी तिथे कधी असते ते त्याला आमच्या आईने सांगितलं होतं.

"बघू तरी, किती मजबूत बसवलंय," तो म्हणाला आणि बाकाशेजारी येऊन दोन्ही हातांनी बारवर ओणवा झाला. सगळं अंग टाकलं त्याने. बार तिच्या छातीत रुतला.

वहिनीचे हात थरथरले, मनगटं मागे वाकली. चेहरा आधी लाल, मग जांभळा. तोंड उघडं होतं पण त्यातून हवा जात नव्हती, तर शब्द कुठून येणार? ती खालून माझ्याकडे बघत होती. माझे हात बारच्या खाली होते, वीतभर अंतरावर. आणि मी मोजत होते. सवय लागली होती ना. एक, दोन, तीन. नवावर तिच्या छातीतून ओलं कापड फाटावं तसा आवाज आला.

मग मी पायाशी पडलेली पाच किलोची चकती उचलली आणि दादाच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो ओरडला, पण दुसरा हात सोडेना. मी पुन्हा त्याच मोडलेल्या जागी घातली. तो कलंडला, बार एका बाजूला तिरका झाला, चकती निसटून त्याच्या पावलावर पडली आणि दुसऱ्या बाजूच्या वजनाने बार उसळून आरशात घुसला.

वहिनी उठली. खोकत, लाळ गाळत उठली, त्याला गळ्याला धरून तडकलेल्या आरशावर दाबलं आणि उजव्या हाताने एकच ठोसा जबड्यावर मारला. लग्नाच्या चौदा वर्षांत एकच. दोन दात खाली पडले आणि तो त्यांच्या शेजारी बसला. दुसऱ्यासाठी तिने मूठ आवळली होती, मारली असती तर मी अडवलं नसतं. पण तिने मूठ उघडली, छातीवर ठेवली आणि चाचपून म्हणाली, "गेलं."

खरंच गेलं होतं. त्याच संध्याकाळी फाटलेलं इम्प्लांट काढलं. परत बसणार नाही, हे आम्हाला आधीच माहीत होतं.

दोन दिवसांनी जबानीला बोलावलं. आई चौकीबाहेरच्या बाकड्यावर बसली होती. मला बघून पदर पसरला. "सांग, बार सटकला म्हणून. तुझा सख्खा थोरला भाऊ आहे तो. मागच्या वेळी सांगितलंस ना व्यवस्थित, मग आत्ता काय धाड भरलीय?" मी तिला ओलांडून आत गेले.

आत अधिकारीण होती आणि तिच्यासमोर पट्ट्यात बांधलेली वहिनी. मी सगळं सांगितलं. केस धरले ते, ठोसे, माझं बाथरूमचं खोटं. अधिकारीण लिहीत होती. वहिनीने हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला. कधी नव्हे ते मला हलकं वाटलं.

"बार किती वेळ दाबून धरला?" अधिकारिणीने विचारलं.

"नऊ मोजेपर्यंत."

"आणि तोवर तुम्ही काय करत होता?"

माझ्याआधी वहिनीच बोलली. "ती काय करणार? आमचा नियमच आहे तसा. घे म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. मला बोलताच येत नव्हतं."

केवढा मोठा दरवाजा उघडून दिला होता तिने. निमूट बाहेर पडले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण एकदा खोटं सांगून तिला फाडायला पाठवली होती, दुसऱ्यांदा जीभ वळेना. मी म्हणाले, "नियमामुळे नाही. माझा भाऊ आहे म्हणून थांबले. वाटलं, सोडेल आता."

अधिकारिणीने वर बघितलं, मग तेही लिहिलं. वहिनीने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

दादा तुरुंगात आहे. आईने माझ्याशी बोलणं टाकलंय. वहिनीची डावी बाजू आता सपाट आहे. जखम भरल्यावर तिने पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली आणि परवा बाकावर पन्नास मारले. डोक्याशी तिच्या क्लासमधली एक बाई उभी होती. ते काम आता त्या बाईचंच असतं.  मला वहिनीने पायरीवर बसायला सांगितलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवायला. मी रोज दुपारी दुकान बंद करून जाते आणि बसते.