पंचांगकाकूंची चूक

कोणी जन्मतारीख सांगितली की काकू लगेच त्याचं शकवर्ष सांगायच्या. अमेरिकेत, श्रूजबरीच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव पंचांगकाकू पाडलं होतं. "अठ्ठ्याहत्तर वजा करा, जानेवारी ते पाडवा असेल तर एकोणऐंशी. वर्ष कुठे बदलतं ते आधी बघा रे!" असं फळा बडवून सांगायच्या. पोरं आपली घड्याळाकडे बघत.

व्हिसामुळे मला नोकरी करता येईना, म्हणून काकूंनीच मला आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आपल्यासोबत बिनपगारी मदतीला ओढलं. अर्ज लिहिताना समोरचा रडायला लागला की त्या पेन ठेवून चहा टाकायच्या. "कागद कुठे पळून जात नाही. पी आधी." ऑफिसातल्या वकीलबाई चरफडायच्या, पण काकूंचा अर्ज कोर्टात कधी अडला नव्हता.

तेस्फाय आला तो इथिओपियातल्या तिग्रायचा. शाळामास्तर. युद्धात, एका नोव्हेंबरात, सैनिकांनी त्याला पकडून महिनाभर मारलं होतं. आता तिकडे युद्धबंदी झालेली. "युद्ध संपलं, परत जा," असं सरकारी वकील म्हणणारच होते. त्याच्या शब्दावर विश्वास बसला तरच तो वाचणार होता. त्याने तारीख सांगितली ती इथिओपियाच्या पंचांगातली, आणि ते इंग्रजी सनाच्या आठ वर्षं मागे. पण त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात लागतं, तिथून डिसेंबरपर्यंत फरक सातच. त्याने सांगितलेल्या वर्षात काकूंनी आठ मिळवले. अटक वर्षभर पुढे सरकली, थेट युद्धबंदीनंतर. तो कागद मीही वाचला होता. पण काकूंची तारीख कोण तपासतंय!

कोर्टात तेस्फायने खरं वर्ष सांगितलं. धोका ताजा दिसावा म्हणून कागदावर तारीख पुढे ढकलली, असं न्यायाधीश म्हणाले. काकू ताडकन उठल्या. "माय मिस्टेक! माझी चूक आहे हो, त्याची नाही!" त्यांना खाली बसवलं. मग लेखी कबुली दिली, अपील केलं. सगळं फेटाळलं गेलं.

हद्दपारीआधी कोठडीच्या काचेपलीकडून तो म्हणाला, "काकू, डोन्ट क्राय."

"रडतंय कोण मेल्या," म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या.

त्यानंतर त्यांनी एकही अर्ज लिहिला नाही. मुलाकडे दुसऱ्या राज्यात, नोव्हायला निघून गेल्या. आठवड्याला फोन करतात.

"त्याच्या बहिणीचा काही फोन गं?"

"नाही, काकू."

"नाही म्हणजे बराच असेल ना तो?"

"असेल की."

बहिणीचा फोन मार्चमध्येच आला होता. त्याला विमानतळावरूनच उचललं, आणि तुरुंगात मारहाणीत त्याचा जीव गेला. काकूंना हे सांगायची माझी छाती होत नाही.